वाटणं मागून येतं

माझ्या खोलीत दाराजवळ एक लाकडी खुर्ची असायची. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग साचत गेला आणि हळूहळू खुर्चीची पाठ दिसेनाशी झाली. घड्या घालायला फार तर दहा मिनिटं लागली असती. मी पलंगावरून त्या ढिगाकडे बघायचो. मनात एकच घोळायचं, एवढंही जमत नाही तुला. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचो. आंघोळीचंही तेच. गीझर लावायचा, टॉवेल शोधायचा, बादली भरायची, पहिला तांब्या अंगावर ओतायचा. एरवी हे सगळं मिळून एकच काम असतं. तेव्हा मला ती चार कामं दिसायची आणि प्रत्येक काम म्हणजे घाट चढण्यासारखं वाटायचं. कित्येक दिवस दात घासायला दुपारचे बारा वाजायचे.

बाहेरून बघणाऱ्याला हा आळस वाटतो. घरच्यांना तसंच वाटलं, आणि मलाही. याला नाव आहे, उपचार आहेत आणि माणसं यातून बाहेर येतात, हे कळायला मला चार महिने लागले. कुणी समोर बसवून साध्या मराठीत सांगितलं असतं तर त्यातले निदान दोन महिने वाचले असते. म्हणून हे लिहितो आहे.

उदास असणं आणि नैराश्याचा आजार

मॅच हरली, प्रमोशन हुकलं की आपण सहज म्हणतो, डिप्रेशन आलंय. ती उदासी असते आणि ती येते तशी जातेही. घरातलं माणूस गेलं की महिनोन्महिने डोळे भरून येतात, तो शोक असतो. त्यातही मधूनच हसू येतं, एखादी आठवण निघाली की जीव सुखावतो.

डॉक्टर ज्याला आजार म्हणतात त्याची मोजपट्टी वेगळी आहे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ, एकतर मन खिन्न असतं किंवा कशातच रस उरत नाही. या दोनपैकी एक तरी असावंच लागतं. जोडीला झोप उडते किंवा फार वाढते, भूक आणि वजन बदलतं, सतत थकवा असतो. हालचाल मंदावते, किंवा उलट जिवाची घालमेल होते. लक्ष लागत नाही, भाजी कुठली आणायची हेसुद्धा ठरवता येत नाही. आपण कुचकामी आहोत, सगळं आपल्यामुळेच बिघडलं असं वाटत राहतं. मरणाचे विचार येतात. अशा एकूण नऊ खुणा आहेत. त्यातल्या पाच असतील आणि रोजचं जगणं त्यामुळे अडत असेल, तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात.

या यादीतली ‘रस उरत नाही’ ही खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण आपल्या डोळ्यांसमोर डिप्रेशनचं चित्र रडणाऱ्या माणसाचं असतं. मी फारसा रडलो नाही. मे महिन्यात घरी आंब्याची पेटी आली, घरभर वास सुटला, आणि मला एक फोडही खावीशी वाटली नाही. आईच्या चेहऱ्यावर काळजी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आपल्याकडे हा आजार बऱ्याचदा शरीराची तक्रार होऊन दवाखान्यात येतो. अंग मोडून आलंय, डोकं जड आहे, छातीत धडधडतं, पाठ भरून येते, अंगात त्राण नाही. ‘मला नैराश्य आलं आहे’ असं बोलून दाखवणारा माणूस विरळा. लोक म्हणतात, करमत नाही, कशात जीव लागत नाही, नकोसं झालंय. म्हणून घरातली बाई महिनोन्महिने अंगदुखीच्या गोळ्या घेत असेल आणि तपासण्यांत काही निघत नसेल, तर तिच्या झोपेची आणि मनाची चौकशी करायला हवी. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. थायरॉइड मंदावला, रक्त कमी झालं, बी-१२ जीवनसत्त्व घटलं तरी हुबेहूब असाच थकवा आणि उदासी येते. त्यामुळे सुरुवातीलाच रक्ताच्या या साध्या तपासण्या करून घ्याव्यात.

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. साधारण २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेला आढळला. मला जास्त हलवून गेला तो दुसरा आकडा. ज्यांना हा आजार होता त्यांच्यातल्या दर १०० पैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

आजार टिकून कसा राहतो

नैराश्याला एकच एक कारण नसतं. घराण्यात असणं, लहानपणी सोसलेले आघात, दीर्घ दुखणं, बाळंतपण, कर्ज, एकटेपणा, यातलं काहीही असू शकतं आणि कधीकधी दाखवण्याजोगं काहीच नसतं. ‘मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालं की डिप्रेशन येतं’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण इतकं सरळ गणित संशोधनात टिकलेलं नाही. आजार का आला, या प्रश्नाभोवती मी फार फिरलो. हाती काही लागलं नाही. तो जात का नाही, हा प्रश्न रोजच्या जगण्यात जास्त उपयोगाचा ठरला.

मन खचलं की माणूस हात आखडता घेतो. मित्राचा फोन वाजतो, आपण तो वाजू देतो. बंद झाला की हायसं वाटतं. ही सुटका खरी असते आणि म्हणूनच ती पुन्हापुन्हा हवीशी वाटते. पण फोन न घेतल्यामुळे त्याच्याशी झाली असती ती थट्टामस्करी गेली. बाहेर न पडल्यामुळे ऊन गेलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याची ‘काय साहेब’ ही हाक गेली. स्वयंपाकघरात न गेल्यामुळे ‘आज पोहे मी केले’ हे समाधान गेलं. असे दिवसातले ओलावे एकेक करून कमी होतात. त्यामुळे मन आणखी खचतं, म्हणून आपण आणखी कमी करतो. वर राहिलेली कामं साचत जातात. न भरलेलं वीजबिल, उत्तर न दिलेले मेसेज, खुर्चीवरचे कपडे. प्रत्येक ढीग येताजाता आपल्याला नालायक म्हणत राहतो.

विहिरीचा उपसा थांबला की झरे बुजतात. पुन्हा उपसायला लागलं की पहिल्या काही बादल्या गढूळच येतात. हे शेतातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मला मात्र मनाच्या बाबतीत कुणीतरी सांगावं लागलं.

आणि रिकाम्या वेळात डोकं रिकामं राहत नाही. गाय चरून आली की बसून रवंथ करते, तसं मन जुन्या गोष्टी वर काढून चघळत राहतं. तेव्हा तसं बोललो नसतो तर, ती नोकरी सोडली नसती तर. हा विचार नव्हे, कारण विचार कुठेतरी पोचतो. रवंथातून दोन तासांनीही काही ठरलेलं नसतं, अंग मात्र गळून गेलेलं असतं.

‘जरा फिरून ये’ हा सल्ला कुठे चुकतो

नैराश्यात असलेल्या माणसाला सगळेच सांगतात, कामात गुंतव स्वतःला, बाहेर पड, लोकांत मिसळ. मला या वाक्यांचा मनस्वी राग यायचा. पुढे समुपदेशकाने जे सांगितलं ते वरवर पाहता तेच होतं, आणि त्याचा उपयोग झाला. असं का झालं, यावर मी पुष्कळ विचार केलाय.

सल्ला देणारा गृहीत धरतो की आधी इच्छा होईल, मग माणूस उठेल. निरोगी मनाचं तसंच चालतं. चहा प्यावासा वाटतो, मग आपण आधण ठेवतो. या आजारात नेमकी ती इच्छा तयार होण्याची जागाच दुखावलेली असते. म्हणून ‘मूड आला की करू’ म्हणणारा माणूस महिनोन्महिने वाट बघत बसतो. उपचारात क्रम उलटा लावतात. ठरलेल्या वेळी, वाटो न वाटो, अगदी छोटं काहीतरी करायचं. वाटणं मागून येतं. लगेच येत नाही, रोज येत नाही, पण येतं.

दुसरा फरक मापाचा आहे. ‘रोज तासभर फिर’ हे सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला गड चढायला लावणं. समुपदेशकाने मला पहिल्या आठवड्यासाठी दिलेलं काम असं होतं: सकाळी साडेनऊला चपला घालून फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. मला ते ऐकून लाज वाटली होती. पण ते जमण्याजोगं होतं आणि जमलं. ज्या दिवशी जमलं नाही त्या दिवशी त्यांनी ‘का नाही केलं’ असं दटावलं नाही. ‘नेमकं कशाशी अडलं’ असं विचारलं. चपला माडीवरच्या खोलीत होत्या, तिथे जायचं जिवावर आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून चपला पलंगाखाली ठेवल्या.

या पद्धतीला बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. मराठीत आपण तिला हालतं होण्याचा उपचार म्हणू. तिची एक मोठी परीक्षा आपल्या शेजारी, गोव्यात झाली आहे. ‘संगत’ ही गोव्याची संस्था. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण होते. निम्म्यांना केंद्रातले नेहमीचे, जरा सुधारलेले उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्याच्या जोडीला समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक ना डॉक्टर होते, ना मानसशास्त्रज्ञ. त्याच भागातली साधी माणसं, ज्यांना हे काम शिकवून तयार केलं होतं. दिवस कसा जातो ते विचारायचं, रुग्णाला आवडणाऱ्या किंवा त्याच्या लेखी महत्त्वाच्या छोट्या गोष्टी पुन्हा दिवसात बसवायच्या, अडचण आली तर ती सोडवायला मदत करायची, जमेल तिथे घरच्यांना सोबत घ्यायचं, असं हे काम. तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के जण आजारातून बाहेर आले होते. भेटी मिळालेल्यांत हेच प्रमाण ६४ टक्के होतं.

मला हा आकडा पुन्हापुन्हा वाचावासा वाटतो. यात महागडं यंत्र नाही, मोठ्या शहरातलं आलिशान क्लिनिक नाही. सरकारी दवाखान्याच्या एका खोलीत दोन माणसं समोरासमोर बसून ‘उद्या सकाळी काय करायचं’ हे ठरवत होती.

दिवस कसा लावायचा

सुरुवात वहीपासून करावी. शाळेची दोनशेपानी वही चालते. पहिला आठवडा काही बदलायचं नाही, फक्त दर दोन-तीन तासांनी एक ओळ लिहायची: काय केलं, आणि मन दहापैकी किती. माझ्या वहीत ‘पडून होतो, १’, ‘पडून, मोबाइल, १’ अशा ओळींची रांग होती आणि मधेच एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘मेथी, ३’.

ती मेथीची गोष्ट सांगतो. आई एका संध्याकाळी काही न बोलता माझ्या खोलीत आली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मेथीची जुडी सोडली आणि निवडायला बसली. ‘ये’ म्हणाली नाही, ‘काय होतंय’ विचारलं नाही. थोड्या वेळाने मी खाली येऊन बसलो. पानं खुडायची, जाड देठ बाजूला, पिवळं पान बाजूला. बोटांना हिरवट वास लागला. वीस मिनिटांनी ताटात पानांचा ढीग होता आणि जुडी संपली होती. ‘चल, झाली भाजी,’ म्हणून ती उठून गेली. आनंद वगैरे काही झाला नाही. पण वही लिहिताना लक्षात आलं की त्या वीस मिनिटांत रवंथ थांबला होता.

समुपदेशकाने त्या ओळीवर बोट ठेवलं. इतर ओळींहून वेगळं काय होतं इथे? काम हातांचं होतं. शेजारी माणूस होतं पण बोलायची सक्ती नव्हती. आणि काम संपताना डोळ्यांना दिसत होतं. मग आम्ही अशीच आणखी कामं शोधली. शेंगा सोलणं, कुंड्यांना पाणी, बाबांच्या स्कूटरची काच पुसणं. दोन तऱ्हांची कामं लागतात, असं ते म्हणाले. काही जिवाला बरं वाटावं म्हणून, काही ‘झालं एकदाचं’ म्हणता यावं म्हणून. नुसती पहिली असली तर दिवस पोकळ वाटतो, नुसती दुसरी असली तर माणूस दमतो.

काम मोठं असेल तर त्याचे तुकडे करायचे, आणि आपल्याला वाटतं त्याहून लहान करायचे. ‘कपाट आवरणं’ हा तुकडा नव्हे. ‘वरच्या कप्प्यातले रुमाल’ हा तुकडा. वीजबिल भरायचं असेल तर आज फक्त बिल शोधून टेबलावर ठेवायचं. कामाला वेळ नेमून द्यायची, म्हणजे त्या क्षणी मनाशी वाद घालत बसावं लागत नाही. बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यांत वाईट असते. पहाटे तीन-चारला जाग येते आणि जड वाटत राहतं, दुपार कलली की जरा मोकळं होतं. तसं असेल तर अवघड कामं आणि मोठे निर्णय संध्याकाळकडे ढकलावेत. नोकरी सोडणं, लग्न मोडणं, घर विकणं असले निर्णय तर बरं वाटेपर्यंत थांबवावेत.

आणि पहिल्या बादल्या गढूळ येतात, हे विसरू नये. ‘फिरून आलो, तरी काही वाटलं नाही, म्हणजे उपयोग नाही’ हा निष्कर्ष दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढायचा नाही. निदान तीन आठवडे वही भरू द्यावी आणि मग मागची पानं उलटून बघावीत. मन स्वतःबद्दल जे सांगतं त्यापेक्षा वही जास्त खरं सांगते.

झोपेबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची: रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ ठरलेली ठेवायची. दिवसा पडून राहिलं की रात्र आणखी लांबते. दारूने तासभर हलकं वाटतं, नंतर झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं, शिवाय औषधं चालू असतील तर धोका वाढतो. चालणं, पोहणं, योगासनं यांपैकी अंगाला झेपेल ते नियमाने केलं तर सौम्य आणि मध्यम नैराश्यात खरोखर फरक पडतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

गोळ्यांची भीती

सौम्य आजारात बोलण्याच्या उपचारांवर भागू शकतं. मध्यम आणि तीव्र आजारात बऱ्याचदा औषधांची गरज पडते, आणि इथे आपल्याकडे गैरसमजांचं रान माजलेलं आहे. माझ्याच बाबतीत सांगतो. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी दोन मिनिटं ऐकून झोपेची गोळी लिहून दिली. ती मी सात आठवडे घेतली. झोप यायची, उदासी जागेवरच. बंद करायला गेलो तर झोपच लागेना. मग घरात सगळ्यांचं ठरलं की डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते.

ती डिप्रेशनची गोळी नव्हतीच. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या झोप आणतात, घबराट दाबतात, आणि त्यांची सवय लागू शकते. त्या थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात, आणि बराच काळ घेतल्या असतील तर बंदही देखरेखीखालीच करायच्या. नैराश्यावरची औषधं वेगळी: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही त्यातली नेहमीची नावं. त्यांची नशा होत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. म्हणून ती हळूहळू कमी करत थांबवतात.

खरी अडचण वेळेची आहे. या औषधांचा त्रास पहिल्या आठवड्यात जाणवतो आणि फायदा दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा बहुधा काही दिवसांत ओसरतो. लैंगिक इच्छा कमी होणं हा परिणाम टिकू शकतो आणि लाजेने कुणी तो सांगत नाही. सांगावा, औषध बदलता येतं. नेमक्या या मधल्या आठवड्यांत ‘काही उपयोग नाही, उलट त्रासच’ म्हणून लोक गोळ्या सोडतात. दुसरी गळती बरं वाटल्यावर होते. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, कारण लवकर थांबवलं तर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते. पहिलं औषध लागू पडलं नाही तर दुसरं असतं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं, कारण त्या वयात काहींना सुरुवातीला मरणाचे विचार वाढू शकतात.

डॉक्टरांना एक गोष्ट आपणहून सांगायची. आयुष्यात कधी काही दिवस असे गेलेत का, की झोप अगदी कमी असूनही अंगात भलताच जोर होता, बोलणं थांबत नव्हतं, पैसे वाटेल तसे उधळले? असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो भडकू शकतो.

जायचं कुठे? मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर असतात, ते औषध देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्याचे उपचार करतात. त्यांचं शिक्षण काय झालंय हे विचारण्यात संकोच करू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी येता येतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. आणि कुठेच जाणं शक्य नसेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येतं.

घरातल्यांसाठी

‘सगळं तर आहे तुझ्याकडे’ हे वाक्य तेवढं टाळा. ते सांत्वन म्हणून बोललं जातं, पण ऐकणाऱ्याला आरोपासारखं लागतं. कारण त्याने स्वतःला तोच प्रश्न रोज शंभरदा विचारलेला असतो. माझी आत्या फोनवर म्हणायची, ‘मनाला लावून घेऊ नकोस रे.’ तिची माया मला कळत होती. पण मनाला लावून घेणं माझ्या हातात होतं तर मी कधीच सोडलं असतं. बाबांना बोलता येत नव्हतं. ते रोज सकाळी दारात उभं राहून म्हणायचे, ‘दूध आणायला चाललोय, येतोस?’ मी बहुतेकदा नाही म्हणायचो. ते काही न बोलता जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. साधारण विसाव्या-पंचविसाव्या दिवशी मी गेलो.

मरणाचा विषय निघाला, ‘मी नसलेलाच बरा’ असं बोलणं झालं, आवडत्या वस्तू देऊन टाकणं किंवा निरवानिरव सुरू झाली, तर ते थेट विचारावं. ‘जीव द्यावासा वाटतो का तुला?’ असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे. उलट सांगायला वाट मिळते. हो असं उत्तर आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलपात किंवा घराबाहेर हलवावा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ती तीव्र लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसणं आणि माणूस जवळ असणं यावर जीव वाचतो. पोलिसांच्या धाकाने लोक दवाखाना टाळतात, म्हणून हेही सांगतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला गुन्हेगार म्हणून शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

आणि सांभाळणाऱ्याने स्वतः जेवावं, झोपावं. माझी आई त्या काळात सहा किलोंनी उतरली होती. ते आम्हाला नंतर, तिच्या सैल झालेल्या ब्लाउजवरून कळलं.

नंतर

बरं होणं एका सकाळी घडत नाही. माझ्या वहीत मन ३, ४, २, ४, १, ५ असं चढत-उतरत गेलं. चार चांगल्या दिवसांनंतरचा वाईट दिवस सगळ्यांत जड जायचा, कारण वाटायचं, पुन्हा सुरुवातीपासून. तसं नसायचं. त्या दिवशीही दात सकाळी घासलेले असायचे. साधारण चौथ्या महिन्यात एकदा स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि मला भूक लागली. भुकेच्या वेळी भूक लागणं ही गोष्ट मी विसरूनच गेलो होतो.

हा आजार एकदा होऊन गेलेल्या बऱ्याच जणांना तो पुन्हा गाठतो. म्हणून प्रत्येकाने आपापल्या सुरुवातीच्या खुणा ओळखून ठेवाव्यात आणि जवळच्या एकाला तरी सांगून ठेवाव्यात. कुणाची पहाटेची झोप आधी मोडते, कुणी फोन घेणं बंद करतं, कुणी देवपूजा सोडतं. माझी खूण ती खुर्ची आहे. नोकरीसाठी नाशिकला आलो तेव्हा ती सोबत आणली, आणि तिची पाठ झाकली गेली की आईला कळवायचं असं आमचं ठरलं आहे.

परवा तिचा फोन आला होता. पाऊस किती झाला, डब्यात काय असतं, हे सगळं झाल्यावर ठेवता ठेवता तिने विचारलं, ‘खुर्ची दिसतेय का रे?’

‘दिसतेय. दोन शर्ट आहेत फक्त.’

‘बरं,’ म्हणाली, आणि मेथीचा भाव सांगायला लागली.